वाचक विचारतात : जुन्या सायकलचा गंज घरच्या घरी कसा काढावा?

खंडेनवमीला अवजारे पुसायला काढतात, त्याच सुमारास अडगळीतल्या सायकलीही उजेडात येतात. या वेळची बहुतेक पत्रे अशाच सायकलींविषयी आहेत: काळा रंग, दांडीचे ब्रेक, २८ इंची चाके. जवळपास प्रत्येक पत्रात एकच प्रश्न आहे, “कोणते औषध वापरू?” उत्तर सुट्या भागावर अवलंबून आहे. नुसते लोखंड, मुलामा दिलेले लोखंड, रंगवलेली नळी आणि कडक पोलाद या चौघांना एकाच बादलीत बुडवले की निदान एकाचे तरी नुकसान ठरलेले.

प्रश्न : चोवीस इंची फ्रेमची सायकल दहा-बारा वर्षे पडवीत उभी आहे. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. हँडल, रिंगा, कॅरिअर, नटबोल्ट सगळे तांबूस झाले आहे. सुरुवात कशाने करू? बाजारातले रस्ट रिमूव्हर आणावे की किराणा दुकानातले काही चालेल? (रत्नागिरी)

उत्तर : सुरुवात साध्या गोड्या पाण्याने करा. किनाऱ्यावरच्या गंजात मीठ मुरलेले असते. ते आत ठेवून वरचा गंज काढला तर आठवड्याभरात त्याच खड्ड्यांतून तपकिरी पाणी पाझरू लागते, आणि दोष औषधाला दिला जातो. सुटे केलेले भाग रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी पाणी बदला, असे दोन-तीनदा करा. पाण्यात लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा टाकला तर मीठ लवकर सुटते आणि तेवढ्या वेळात नवा गंजही धरत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा एखादा भाग असेल तर तो मात्र सोड्यापासून लांब ठेवा.

मग तेलकटपणा काढा. ग्रीस आणि धूळ यांचा जो काळा लगदा बसलेला असतो त्यातून कोणतेही आम्ल आत जात नाही. थोड्या डिझेलमध्ये जुना दातांचा ब्रश बुडवून घासा, नंतर भांड्यांच्या साबणाने धुवा. ही पायरी टाळली की गंज चट्ट्याचट्ट्यांनी निघतो.

आता औषध. कॅरिअर, स्टँड, मडगार्डच्या तारा, मोठे नटबोल्ट अशा नुसत्या लोखंडाला लिंबू सत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, पुरेसे आहे. प्लास्टिकच्या बादलीत ४ लिटर कोमट पाणी आणि ३०० ग्रॅम सत्त्व घ्या. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचे भांडे नको. भाग पूर्ण बुडाला पाहिजे. अर्धा वर राहिला तर पाण्याच्या रेषेवर चर पडतो आणि तो नंतर रंगातूनही दिसतो. दर तासाला काढून ब्रशने घासा. हलका गंज दोन तासांत जातो, जाड खपल्यांना पाच-सहा तास लागतात. वर काळी साय दिसली तर घाबरू नका, ती ब्रशने निघते. स्वच्छ झालेल्या जागेवरून भराभर बुडबुडे येऊ लागले तर मात्र आम्ल आता गंज सोडून लोखंड खात आहे असे समजा आणि भाग लगेच बाहेर काढा. रात्रभर विसरलेल्या बोल्टचे आटे झिजतात आणि नट त्यावर डुगडुगतो.

वारंवार बघायला वेळ नसेल तर सौम्य मिश्रण करा. प्रत्येक लिटर पाण्याला १०० ग्रॅम सत्त्व आणि ८० ग्रॅम खायचा सोडा. सोडा चमच्या-चमच्याने टाका, कारण फेस प्रचंड येतो आणि अर्धी बादली रिकामी नसेल तर तो जमिनीवर जातो. या मिश्रणाचा आंबटपणा बराचसा मेलेला असतो, पण सत्त्वाची गंजातले लोखंड धरून विरघळवण्याची ताकद टिकते. काम हळू होते, २४ तास लागतात, पण चांगले लोखंड जवळजवळ शाबूत राहते. आटे असलेल्या बारीक भागांसाठी हेच वापरा.

यानंतरची दहा मिनिटे सर्वांत महत्त्वाची. आम्लातून निघालेले उघडे लोखंड हवेत पाच मिनिटांत नारिंगी होते. भाग पाण्याने धुवा, लिटरला मोठा चमचाभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात पाच मिनिटे बुडवा, पुन्हा धुवा आणि उकळत्या पाण्यात मिनिटभर धरा. तापलेला भाग बाहेर काढला की पाणी आपोआप उडून जाते. फडक्याने पुसा आणि गरम असतानाच मशीनचे तेल लावा. रंगवायचा असेल तर तेल लावू नका. थिनरने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात मारा.

बाजारातल्या रस्ट रिमूव्हरमध्ये बहुधा फॉस्फोरिक आम्ल असते. ते वाईट नाही. ते गंजाचे रूपांतर काळपट फॉस्फेटच्या थरात करते आणि तो थर रंगाला पकड देतो. जिथे नंतर रंग लागणारच आहे तिथे वापरा, चकचकीत ठेवायच्या भागावर नको.

प्रश्न : हँडल आणि रिंगा क्रोमच्या आहेत. तारेच्या घासणीने घासल्यावर गंज गेला, पण चमकही गेली. आता काय करता येईल? (सांगली)

उत्तर : गेलेला मुलामा घरी परत येत नाही, उरलेला वाचवता येतो. क्रोमचा थर मायक्रॉनच्या अंशाएवढा असतो. खरे संरक्षण त्याखालचे निकेल करते. गंज येतो तो क्रोमच्या बारीक छिद्रांतून, खालच्या लोखंडातून. त्यामुळे वरून मोठा दिसणारा तांबडा डाग पुष्कळदा टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून पसरलेला असतो. तारेची घासणी किंवा पॉलिश पेपर त्या छिद्राच्या कडा उचकटतो आणि छिद्राचे भगदाड होते.

पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल घ्या. तळहाताएवढा तुकडा चुरगाळा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने गोल फिरवा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा उठत नाही, पण गंजाचा भुसभुशीत थर सुटतो. करड्या रंगाचा लगदा तयार होईल, तोच पॉलिशचे काम करतो. ओल्या फडक्याने पुसून पाहा, गरज असेल तर नवा तुकडा घ्या. जोर लावायचा नाही, पाणी लावत राहायचे. एका हँडलला अर्धा तास पुरतो. शेवटी काळे ठिपके राहतील. ती मूळ छिद्रे आहेत आणि ती जाणार नाहीत. कोरडे करून गाडीचे मेण किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ हात लावा, म्हणजे छिद्रे बुजतात.

रिंगेचा आतला भाग, जिथे ट्यूब बसते, तो फॉइलने साफ होत नाही. तिथे लिंबू सत्त्वाच्या पाण्यात भिजवलेल्या जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळा, वरून प्लास्टिक लपेटा, दोन तासांनी सोडा. तारा काढलेली नुसती रिंग असेल तर अंगणात विटांची दोन वर्तुळे मांडा, बाहेरचे ७५ सेंटिमीटर व्यासाचे, आतले ५५चे. त्यावर जाड प्लास्टिक अंथरले की ५ सेंटिमीटर खोलीचे गोल ताट होते आणि १० ते १२ लिटरमध्ये अख्खी रिंग बुडते. मुलाम्याच्या खपल्या निघत असतील तर मात्र रिंग बुडवू नका. आम्ल खपलीखाली शिरते आणि राहिलेलीही उचलते.

प्रश्न : संडास धुण्याचे अ‍ॅसिड लावले. गंज लगेच गेला, पण दुसऱ्या दिवशी भाग आधीपेक्षा जास्त लाल झाले आणि त्याच खोलीतले पाने, पक्कडही गंजले. असे कसे? (जळगाव)

उत्तर : ते हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. गंज काढून ते थांबत नाही, लोखंडही खाते आणि क्रोमसुद्धा विरघळवते. त्याची वाफ खोलीभर फिरते आणि जिथे दमट धातू मिळेल तिथे बसते. तुमचे पाने त्या वाफेने गंजले. भाग दुसऱ्या दिवशी लाल झाले ते खड्ड्यांत उरलेल्या क्लोराइडमुळे, किनाऱ्यावरच्या मिठाची तीच खोड.

आता भाग आणि पाने दोन्ही धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, लिटरला दोन चमचे या प्रमाणात, रात्रभर ठेवा. पाणी बदलून पुन्हा एक रात्र. मग साध्या पाण्याने धुवून, तापवून, तेल. त्या आम्लात सीटच्या स्प्रिंगा बुडवल्या असतील तर त्या बदला. कडक पोलादात आम्लातला हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते. स्प्रिंग दिसायला चांगली असते आणि खड्ड्यातून सायकल गेली की काडीसारखी तुटते. आणि हे आम्ल ब्लीचिंगच्या पाण्यात कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

प्रश्न : लिंबू-मीठ, चिंच, कोला... यातले खरे काय? (पणजी)

उत्तर : आंबट आहे म्हणून तिन्ही थोडे-थोडे काम करतात. चिंच तांब्या-पितळेला उत्तम, घंटीची पितळी वाटी तिने खुशाल घासा. कोलात फॉस्फोरिक आम्ल असते पण अगदी नावाला, साखरेचा चिकटा मात्र भरपूर. लिंबू-मीठ टाळा. लिंबाने गंज निघतो आणि मीठ पुढच्या गंजाची पेरणी करून जाते. पांढरा व्हिनेगर चालतो, २४ तास लागतात. काही जण मळीच्या पाण्यात, एकास नऊ प्रमाणात, दोन-तीन आठवडे भाग ठेवतात आणि ते लोखंडाला खरोखर मानवते. पण वास आणि माश्या घरात सोसवत नाहीत, शिवाय साखर कारखान्याच्या मळीवर उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असते. काकवी भाकरीबरोबर खावी.

प्रश्न : फ्रेमवर मूळचा काळा रंग आणि हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा आहेत. मधूनमधून गंजाचे डाग आहेत. पुन्हा रंगवायची नाही. रेघा न घालवता डाग काढता येतील का? बोअरचे पाणी वापरतो. (सोलापूर)

उत्तर : येतील, आणि पुन्हा न रंगवण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे. तशा रेघा ओढणारा हात आता सहज मिळत नाही.

इथे ऑक्झॅलिक आम्ल वापरा. मोझेक फरशी पॉलिश करणारे जी पांढरी पावडर वापरतात तीच. ती गंजावर जोरात आणि रंगावर तुलनेने सौम्य चालते. प्रमाण लिटरला २० ते २५ ग्रॅम, जास्त नको. पाणी आरओचे किंवा पावसाचे घ्या. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम या आम्लाला पकडतो, तळाशी पांढरा गाळ बसतो आणि आम्ल वाया जाते.

आधी सीटखाली, जिथे दिसत नाही अशा ठिकाणी, १५ मिनिटे लावून रंग फिका पडतो का ते पाहा. मग कापसाची घडी द्रावणात भिजवून फक्त डागावर ठेवा, वरून प्लास्टिक. दर २० मिनिटांनी उचलून बघा. एक-दोन तासांत डाग फिका होतो. जास्त वेळ ठेवले तर पिवळसर थर बसतो, तो आयर्न ऑक्झॅलेट. ओला असतानाच फडक्याने पुसा, वाळला की चिकटतो. नंतर भरपूर पाणी, कोरडे फडके आणि मेण.

ही पावडर विषारी आहे. पोटात गेली तर मूत्रपिंडाला धोका. हातमोजे आणि चष्मा घाला, पावडर ओतताना श्वास तिच्यावर नको, आणि साखरेच्या किंवा मिठाच्या बरणीसारख्या दिसणाऱ्या डब्यात ती कधीही ठेवू नका. उरलेल्या द्रावणात चुन्याची निवळी नव्हे, तर चुना कालवा. आम्ल न विरघळणाऱ्या गाळात बसते.

प्रश्न : क्रँकचे कॉटर आणि सीटची नळी, दोन्ही गंजून बसले आहेत. हातोडी मारून कॉटरचे आटे चेपले. (वर्धा)

उत्तर : कॉटर म्हणजे क्रँक, अर्थात पायडल ज्याला बसते तो हात, मधल्या दांड्याला पक्का धरणारी पाचर. तिचे आटे चेपले याचा अर्थ नट काढून मारले. पुढच्या वेळी नट पूर्ण काढू नका. तो कॉटरच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करा, म्हणजे हातोडीचा मार नट झेलतो. आधी दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारे तेल टाका, डिझेल आणि मशीनचे तेल निम्मे-निम्मे हेही चालते. मारताना क्रँकच्या खाली आधार हवा. लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपासून क्रँकपर्यंत बरोबर उंचीचा कापा, कॉटरचे डोके पाइपच्या पोकळीत येऊ द्या, आणि जड हातोडीचा एकच सणसणीत घाव घाला. आधार नसेल तर सगळा मार आतल्या छर्‍यांवर आणि वाट्यांवर जातो. दहा हलके घाव कॉटर फुगवतात, काढत नाहीत. चेपलेला असला तरी चालेल, कारण जुना कॉटर परत बसवायचाच नसतो. नेमाने तो साडेनऊ मिलिमीटरचा असतो, पण जुना सोबत नेऊन जाडी आणि उतार जुळवूनच नवा घ्या. दोन्ही बाजूंचे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने बसतात. एकाच दिशेने बसवले तर पायडल एका रेषेत राहत नाहीत.

सीटच्या नळीसाठी सायकल उलटी करा. क्रँकचा दांडा काढल्यावर खालून सीटच्या नळीचे तोंड दिसते. तिथून तेल ओता, म्हणजे ते गंजाच्या जागी आपल्या वजनाने उतरते. वरून टाकलेले तेल बहुधा क्लँपपाशीच अडते. चार दिवस थांबा. मग सीट न काढता तिलाच तरफ समजून डावी-उजवीकडे पिळा. वर ओढू नका, पिळल्याशिवाय पकड सुटत नाही. तापवायचे असेल तर तेल टाकण्याआधी. तेल टाकल्यावर ज्योत जवळ नेऊ नका.

खोलताना एवढे ध्यानात ठेवा: डाव्या पायडलचे आणि चेनकडच्या वाटीचे आटे उलटे असतात. “गंजल्यामुळे सुटत नाही” म्हणून जे लांब पाइप लावून पिळले जाते, ते बऱ्याचदा घट्ट केले जात असते.

प्रश्न : बॅटरी चार्जरने गंज काढता येतो म्हणतात. सुरक्षित आहे का? (नाशिक)

उत्तर : नियम पाळले तर हो, आणि फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, खाचा-कोपऱ्यांसाठी उत्तम. प्लास्टिकचे टब, लिटरला १५ ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा साधा चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, टाकाऊ सळईचे तुकडे धन टोकाला. उलटे जोडले तर भागच झिजतो. दोघांत १० सेंटिमीटर अंतर ठेवा, ते एकमेकांना टेकता कामा नयेत. सळई सगळ्या बाजूंनी लावा, कारण समोरासमोरच्या जागेवरच काम नीट होते. चार ते बारा तासांत लाल गंज काळा, मऊ होतो आणि ब्रशने निघतो. नवे स्वयंचलित चार्जर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत, त्यात बिघाड शोधत बसू नका.

धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. सोड्याऐवजी मीठ नको, क्लोरीन निघतो. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून काम उघड्यावर करा आणि चार्जर बंद केल्याशिवाय टोके काढू नका. अ‍ॅल्युमिनियम, जस्ताचा मुलामा, स्प्रिंगा आणि छर्रे यात घालू नका. सोललेला क्रोमही नको.

प्रश्न : चेन आणि छर्रे साफ करून वापरावेत का? (बडोदा)

उत्तर : छर्रे नाही. गंजलेला छर्रा चकचकीत केला तरी गोल राहत नाही आणि वाटी कुरतडतो. मागच्या हबला प्रत्येक बाजूला पाव इंची ९, पुढच्या हबला ३/१६ इंची १० असा सर्वसाधारण हिशेब, तरी उघडताना मोजा. एका बाजूचे सगळे एकदम बदला. वाटीत नखाला खड्डा लागला तर नुसते छर्रे बदलून उपयोग नाही.

चेन रात्रभर डिझेलमध्ये ठेवा. सकाळी जी कडी वाकत नाही ती बोटांनी आडवी हलवून मोकळी करून बघा. चार-पाचपेक्षा जास्त कड्या अडल्या तर चेन बदला. आम्लात कधीच घालू नका, ते पिनांच्या आत राहते. झीज मोजायची तर पट्टी ठेवा: २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. एक अष्टमांश इंच जास्त भरल्या तर चेन गेली, आणि बहुधा तिच्याबरोबर मागचे दातेरी चाकही.

प्रश्न : बाहेरचा गंज निघाला. नळ्यांच्या आत असेल तर? (चिपळूण)

उत्तर : असतोच. पावसाचे पाणी सीटच्या नळीतून उतरते आणि क्रँकच्या कवचात, म्हणजे क्रँकचा दांडा ज्यात बसतो त्या आडव्या नळीत, साचते. आधी ताकद तपासा. कवचालगतच्या मागच्या दोन नळ्या, फोर्कचा वरचा भाग आणि मडगार्ड टेकते त्या जागा जाड स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून, ठोकून बघा. ठणठण आवाजाऐवजी बोदा आवाज आला, टोक रुतले किंवा रंगाखाली फुगवटा दिसला तर गंज काढत बसू नका. मागच्या नळीला ब्रेझिंग करणारा कारागीर तुकडा जोडून देईल. फोर्क मात्र बदलाच.

ताकद ठीक असेल तर नळ्या उन्हात दोन दिवस वाळवा. मग रंगाच्या दुकानातले बेलतेल, म्हणजे जवसाचे उकळलेले तेल, प्रत्येक नळीत अर्धी वाटी ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा आणि जास्तीचे गाळून घ्या. आठवड्याभरात ते आत वाळून पातळ पापुद्रा धरते. सांडलेले तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापते आणि फडकी आपोआप पेट घेतात. ती पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

कवचाच्या तळाला छिद्र नसेल तर ४ मिलिमीटरचे एक पाडून घ्या, आत शिरलेल्या पाण्याला वाट हवी. छिद्र असेल तर त्यातला चिखल दर पावसाळ्याआधी तारेने काढा.